गाडीची टकटक

आमच्या गाडीची टकटक बंद झाली त्या दिवशी मी गॅरेजवाल्याला पेढे दिले होते. अर्धा किलो, कंदी. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

गाडी आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढची सीट सलग बाकड्यासारखी, रंग एके काळी क्रीम. माझ्या वयाच्या माणसांना एवढं सांगितलं की पुरतं, लगेच ‘आमच्या काकांकडे होती’ असं सुरू होतं. आप्पा सोलापुरातल्या गिरणीत जॉबर होते. मागांची दुरुस्ती बघायची, ही त्यांची नोकरी. गिरणी बंद पडली तेव्हा हातात आलं त्यात त्यांनी ही गाडी कुणाची तरी वापरलेली घेतली आणि लग्नसराईत भाड्यानं चालवली. अर्ध्या शहराचे नवरे त्या बाकड्यावर मुंडावळ्या सावरत बसून गेलेत. पुढे मी कॉलेजात फिजिक्स शिकवायला लागले, आईनं भाडी बंद करायला लावली आणि गाडी घरची झाली. आता आई नाही. फ्लॅटमध्ये मी आणि आप्पा, आणि खाली पार्किंगमध्ये गाडी.

मागांच्या आवाजात आप्पांचे कान गेले. यात नवल काही नव्हतं. आमच्या चाळीत उतारवयात ज्याला नीट ऐकू यायचं त्यानं गिरणीत काम चुकवलं असलं पाहिजे, असं बायका म्हणायच्या. मागाच्या खात्यात माणसं खुणांनी बोलत, आणि त्या खुणा आप्पा घरी घेऊन आले. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला, माग थांबव. अंगठा तर्जनीवर घासला की गाठ मारली, चालू कर. आमच्या घरात बरं-वाईट सगळं या दोन खुणांत मावायचं. दहावीच्या निकालाच्या दिवशी मी चाळीच्या तोंडापासूनच अंगठा घासत पळत आले होते. आई वारली तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात आप्पांना सांगायचं कसं ते मला कळेना, तर माझ्याकडे नुसतं बघून त्यांनीच कात्री केली.

या गाडीला पहिल्यापासून आवाज होता. इंजिनात व्हॉल्व्ह असतात, हवा आत घेणारे आणि जळका वायू बाहेर सोडणारे. त्यांना ढकलणारा तुकडा आणि व्हॉल्व्ह यांच्यात पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते, कारण तापलं की लोखंड वाढतं. त्या फटीपायी गाडी उभ्या उभ्या टक-टक-टक करत राहते. आप्पा फट जरा सढळच ठेवत. त्यांना स्वतःला ती टकटक ऐकूच यायची नाही. ती आम्ही ऐकायचो, सोसायटी ऐकायची आणि कुर्डुवाडीची आत्या ऐकायची.

आत्या आप्पांची थोरली बहीण. तिचे यजमान रेल्वेच्या कारखान्यात होते, त्यामुळे तिचं सगळं आयुष्य रुळांशेजारी गेलं. डोळे गेले तरी कुठली गाडी आली, मालगाडी की पॅसेंजर, हे ती स्वयंपाकघरात बसून सांगायची. दर भाऊबीजेला आम्ही सोलापूरहून निघायचो, लांबोटीला चिवडा घ्यायचो आणि दुपारपर्यंत तिच्या बोळाच्या तोंडाशी पोहोचायचो. टकटक बोळात शिरली की ती निरांजन लावायला सांगायची. आम्ही चपला काढेपर्यंत ती दारात उभी असायची. ओवाळणीत तिनं आप्पांकडून साडी-पैसे कधी घेतले नाहीत. तिला गाडीतून फेरी हवी असायची, रेल्वे फाटकापर्यंत आणि परत. ‘माझ्या भावाची गाडी,’ असं ती खिडकीतून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, कुणी असो वा नसो. याला ऐकू येत नाही, तिला दिसत नाही, तेव्हा दोघांचं बोलणं असं काही व्हायचंच नाही. आप्पा गाडी चालवायचे आणि ती टकटकीच्या तालावर मान हलवत बसायची. अलीकडे आप्पांचा परवाना संपला म्हणून मी चालवायचे, पण शेजारी बसून दांड्यावर हात त्यांचाच.

गेल्या उन्हाळ्यात हेडचं, म्हणजे इंजिनाच्या माथ्याचं, गॅस्केट उडालं. रेडिएटरमधून वाफ, सायलेन्सरमधून पांढरा धूर. होटगी रोडच्या बाजूला एक गॅरेजवाला आहे, त्याच्याकडे गाडी ओढून नेली. त्यानं हेड उतरवलं, फेसिंग केलं, म्हणजे खालची बाजू घासून सपाट केली, व्हॉल्व्ह बसवले. सोसायटीचे सेक्रेटरी तेव्हा माझ्या मागेच लागले होते. सकाळी गाडी चालू केली की त्यांचं योगासन मोडायचं. मीही वैतागले होते. म्हटलं, एवढं इंजिन उघडलंय तर ही टकटक कमी होईल का?

“कमी कशाला मॅडम, काढूनच टाकतो,” तो म्हणाला. “एकदम सायलेंट. गाडी चालू हाय का बंद, तुमाला कळायचं बी न्हाय.”

आणि खरंच कळेना. मी चावी फिरवली, इंजिन मऊ गुणगुणलं. सेक्रेटरींनी गॅलरीतून शाबासकीचा अंगठा वर केला. पेढे त्याच संध्याकाळी दिले.

श्रावणात गाडी अडखळायला लागली. आधी थंड असताना, मग चढावर, मग सगळीकडेच. गॅरेजच्या भाषेत मिसिंग. चार सिलिंडरांतला एक काम करत नव्हता आणि बाकीचे तीन त्याला ओढत होते. मी पुन्हा त्याच्याकडे गेले तर तो म्हणाला, कार्बोरेटर. कार्बोरेटर उघडला, धुतला, त्याचा एक स्क्रू हरवून परत बसवला. काही फरक नाही. जुन्या पुणे नाक्याकडचा दुसरा म्हणाला, पॉइंट आणि कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगी देणारं सामान. ते बदललं, बदलताना वायर तुटली. तिसरा गाडीकडे न बघताच म्हणाला, “पेट्रोलमंदी आता उसाचं स्पिरिट येतंय की मॅडम. आपल्याच जिल्ह्याचा ऊस आन् आपल्याच गाडीला बाधतोय.” स्वतःच्याच विनोदावर तो बराच वेळ हसला. नाचता येईना अंगण वाकडं. मी विचारलं, मग तीन सिलिंडरांना बाधत नाही आणि एकालाच कसं बाधतं? तर म्हणाला, “तुमी बसा की सावलीला. घरात कुणी माणूस न्हाय का संगं यायला?”

माणूस! मला राग आला की मी भांडी घासते. त्या आठवड्यात घरातल्या कढया आरशासारख्या झाल्या होत्या.

त्याच सुमारास कुर्डुवाडीहून वहिनीचा, म्हणजे आत्याच्या सुनेचा फोन आला. आत्याला विसर पडत चालला होता. जेवलेलं विसरायची, यजमान गेलेले विसरायची, सुनेला कधी कधी ‘कुणाची गं तू?’ विचारायची. “पण मामांचं विसरत नाहीत,” वहिनी म्हणाली. “रोज विचारतात, आला का म्हणून. या भाऊबीजेला नक्की आणा त्यांना. पुढच्या वर्षीचं मी काही सांगू शकत नाही.”

मी आप्पांच्या डोळ्यांसमोर कॅलेंडर धरून भाऊबीजेवर बोट ठेवलं. ते म्हणाले, “गाडी?” मी अंगठा तर्जनीवर घासला. मोठ्या तोऱ्यात घासला.

मग मीच हात घातला. आयुष्यभर पोरांना उष्णता आणि दाब शिकवला, आता म्हटलं आपल्या दाराशी वापरू. आधी साधा उपाय केला. गाडी चालू ठेवली, वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली आणि सायलेन्सरच्या तोंडापुढे धरून उकिडवी बसले. इंजिन धड असेल तर पट्टी एकसारखी बाहेर फडफडते. आमची पट्टी फडफडायची, आणि मध्येच नळीकडे ओढली जायची. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बाहेर सोडणारा एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नसला की असं होतं. सेक्रेटरी गॅलरीतून बघत होते. “मॅडम, गाडीला वारा घालताय का?” त्यांनी विचारलं. मी दुसरी पट्टी फाडली.

कॉलेजात एक सहकारी आहेत, त्यांच्या भावाकडून दाब मोजायचा काटा मागून आणला. प्लग काढून एकेका भोकात काटा बसवायचा आणि इंजिन नुसतं फिरवायचं. पहिला सिलिंडर, काटा झपकन वर. दुसराही ठीक. तिसऱ्याला काटा जागचा हलला न हलल्यासारखा. चौथा ठीक. तिसऱ्यात मी चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत मोजलं. तेलानं दाब वाढला असता तर दोष पिस्टनच्या रिंगांचा. वाढला नाही. म्हणजे व्हॉल्व्हच. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला आनंद झाला. महिनाभर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललं होतं, आता निदान आग कुठे लागलीय ते कळलं. काळ्या हातांनीच मी वर जाऊन आप्पांना खुणांनी सांगितलं. त्यांनी माझे हात बघितले आणि साबण काढून दिला.

पहिल्या गॅरेजवाल्याकडेच गेले. म्हटलं, आता माझ्यासमोर उघडायचं, मी हलणार नाही. त्यानं वरचं झाकण काढलं. मी फट मोजायच्या पात्यांचा जुडगा पर्समधून काढला तेव्हा त्याचा चेहरा पडला. सगळ्यात पातळ पातंही तिथे शिरेना. पोस्टकार्डाची सोडा, केसाचीही फट नव्हती. टकटक काढायची म्हणून त्यानं स्क्रू आवळून फटच बुजवली होती. थंड असताना भागलं. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबला, त्याला मिटायला जागाच राहिली नाही, आणि अर्धवट उघड्या तोंडातून जाळ महिनोन् महिने जात राहिला.

हेड उतरलं. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह त्यानं माझ्या तळहातावर ठेवला. एका बाजूची कड उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखी गेली होती. पण ते सर्वांत वाईट नव्हतं. व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती बैठकही त्यानं बसवताना खोलवर खरवडली होती, आणि तिथून शेजारच्या बैठकीपर्यंत एक बारीक काळी रेघ गेली होती. मी ती नखानं खरवडून बघितली. काजळी असेल अशी आशा होती. नख अडकलं. हेडला तडा गेला होता.

मी त्याला बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले, रस्त्यावरची माणसं थांबली. शेवटी तो हात पुसत एवढंच म्हणाला, “मॅडम, आवाज नको, हे तुमीच म्हणालात की.”

मी तो व्हॉल्व्ह रुमालात गुंडाळला आणि रिक्षा करून घरी आले.

लेथवाल्यानं हेड हातात घेऊन उलटसुलट केलं आणि परत दिलं. आधीच इतकं घासलेलं, त्यात तडा. वेल्डिंगचा ताप त्याला सोसणार नव्हता. “ह्यात आता धातूच उरला न्हाय,” तो म्हणाला. मग दुसरं हेड शोधायला लागले. भंगारबाजार पालथा घातला. पुणे झालं, हैदराबाद झालं, मोबाइलवर अनोळखी माणसांनी पाठवलेले गंजक्या लोखंडाचे फोटो झाले. दिवाळीच्या तोंडावर कुणी सांगितलं, करकंबला एका बागाईतदाराच्या शेडमध्ये अशीच गाडी उभी आहे. एसटीनं गेले. गाडी होती, रंगसुद्धा आमचाच. शेतकरी भला माणूस, त्यानं चहा केला, ऊस तोडून दिला, म्हणाला, “काय लागंल ते काढून न्या ताई, आमाला काय तिचं.” बॉनेट उघडलं. इंजिनावर कोंबडीनं अंडी घातली होती. प्लग कधीचेच कुणीतरी नेलेले, उघड्या भोकांतून किती पावसाळ्यांचं पाणी आत गेलेलं, हेडला हात लावला तर त्याची पापुद्र्यांनी साल निघाली. मी तिथेच बांधावर बसले. तो बिचारा विचारत होता, “आणखी च्या टाकू का?” मला रडू आवरेना. लोखंडासाठी रडणारी बाई त्यानं पहिल्यांदाच बघितली असेल.

भाऊबीजेला भाड्याची गाडी बोलावली. पांढरी, नवी, एसी. आप्पा जिन्यातून उतरले आणि थेट पार्किंगमध्ये, ओढून परत आणलेल्या आपल्या गाडीकडे गेले. तिचं बॉनेट बंदच होतं, आत हेड नाही हे बाहेरून दिसत नव्हतं. मी त्यांच्या कोपराला धरून पांढऱ्या गाडीकडे वळवलं. “मी डायवर हाय,” ते म्हणाले, “प्याशिंजर न्हाय.” मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि पुढे ड्रायव्हरशेजारी बसले. मोहोळच्या पुढे गेल्यावरही त्यांचा पाय अधूनमधून नसलेला ब्रेक दाबत होता. लांबोटीचा चिवडा मांडीवर होता.

बोळात गाडी शिरली आणि थांबली. तिचा आवाजच नव्हता. दारात कुणी नव्हतं.

आत वहिनीनं पाट मांडला होता, भोवती रांगोळी काढली होती. आप्पांनी खिशातली टोपी काढून घातली आणि पाटावर बसले. आत्याला वहिनीनं धरून आणलं. ती इतकी लहान झाली होती की मला आधी ओळखूच आली नाही. वहिनीनं तिच्या हातात ताट दिलं.

“मामा आलेत आत्याबाई. तुमचे भाऊ.”

आत्यानं कान बोळाकडे केला. “गाडी कुटं वाजली?”

“बाहेर उभी आहे ना.”

“न्हाय. वाजली न्हाय.”

आप्पांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते हसत होते आणि कपाळ पुढे करून थांबले होते. वहिनीनं आत्याचा हात धरून त्यांच्या चेहऱ्यावर ठेवला. आत्यानं गालावरून बोटं फिरवली, सुरकुत्यांवरून, दात गेलेल्या हनुवटीवरून, आणि हात काढून घेतला.

“ह्ये कुणीतरी म्हातारं हाय,” ती म्हणाली. “माझा भाऊ तरणा हाय. गाडी घिऊन यील तो. वाजंल की गाडी.”

“आत्या, मी आलेय, आप्पाच आहेत गं,” मी म्हटलं. तोंडानं टक-टक करून दाखवावं असंही मनात आलं. इतकी वेडी झाले होते मी.

“भावाचं ताट हाय ह्ये,” ती वहिनीला समजावत होती, अगदी शांतपणे. “दुसऱ्याला कसं ओवाळू? निरांजन इजवू नगंस. यीलच आता.”

वहिनी तोंडाला पदर लावून आत गेली. आप्पांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि हनुवटी उडवली. काय म्हणतीय?

मी अंगठा तर्जनीवर घासला.

ते खूश झाले. कपाळाला काही लागलं नाही याकडे त्यांनी लक्ष दिलं नाही. गुडघ्यावर हात टेकत उठले, टोपी नीट केली आणि दर वर्षीसारखं आत्याच्या कोपराला धरलं. आता फेरी, रेल्वे फाटकापर्यंत आणि परत. आत्या दचकली. तिनं हात झटकला, ताट कललं, निरांजनातलं तूप तिच्या लुगड्यावर सांडलं.

“कुटं न्हेताय मला?” ती ओरडली. “सोडा. माझा भाऊ यायचाय.”

तिचं ओरडणं आप्पांना ऐकू आलं नसणार, पण तिचं तोंड त्यांना दिसलं. त्यांचा हात अजून कोपर धरल्यासारखा पुढे होता. आत्या भिंतीला टेकून खाली बसली होती, ताट मांडीवर, कान बोळाकडे. मग त्यांनी माझ्याकडे वळून दोन बोटांची कात्री केली.